रोज एक गोळी : पेशीतले बिघडलेले बटण बंद ठेवणारी

रक्ताच्या कर्करोगावर इलाज काय, तर रोज जेवणानंतर एक गोळी, असे तीस वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते तर लोकांनी त्याला वेड्यात काढले असते. त्या काळी ‘ब्लड कॅन्सर’ हा शब्द कानावर पडला की घरातली माणसे धीर सोडत. आज मात्र रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार असा आहे, की त्याचे रुग्ण शेतीवाडी, नोकरी, दुकान सांभाळत, मुलाबाळांची लग्नकार्ये करत वर्षानुवर्षे जगत आहेत. या प्रकाराचे नाव क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. डॉक्टर मंडळी त्याला थोडक्यात ‘सीएमएल’ म्हणतात. आणि हा चमत्कार घडवणाऱ्या गोळीचे नाव इमॅटिनिब.

या गोळीला एक अट मात्र आहे. ती रोज घ्यावी लागते. रक्ताचा रिपोर्ट चांगला आला तरी घ्यावी लागते, अंगात ताकद आली, वजन वाढले, माणूस पहिल्यासारखा हिंडू-फिरू लागला तरीही घ्यावी लागते. ही अट नीट न समजल्यामुळे कित्येक जण गोळी मध्येच सोडतात आणि हातात आलेले आयुष्य गमावून बसतात. ही अट कशासाठी आहे, हे समजून घ्यायचे तर पेशीच्या आत काय चालते ते थोडे पाहावे लागेल.

पेशीतील बटणे

आपले शरीर कोट्यवधी पेशींचे बनलेले आहे. केव्हा वाढायचे, केव्हा दोन व्हायचे, केव्हा थांबायचे, केव्हा मरायचे याचे हुकूम प्रत्येक पेशीला सतत मिळत असतात. हे हुकूम पेशीच्या आत पोचवण्याचे काम काही प्रथिने करतात. त्यांतला एक मोठा गट म्हणजे कायनेज नावाची विकरे. शाळेत पचनाच्या धड्यात आपण विकरांविषयी शिकलो आहोत. लाळेतले विकर पिष्टमय पदार्थाचे रूपांतर साखरेत करते. कायनेजचे काम वेगळे आहे. ते फॉस्फेटचा एक लहानसा तुकडा उचलते आणि दुसऱ्या एखाद्या प्रथिनाला चिकटवते. तुकडा चिकटला की ते प्रथिन जागे होते आणि पुढचे काम सुरू करते. काम संपले की दुसरी विकरे तो तुकडा काढून टाकतात आणि प्रथिन पुन्हा शांत होते.

घरातल्या दिव्याचे बटण खाली-वर करावे तसा हा प्रकार आहे. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स या दोन शास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकात अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे स्नायूंचा अभ्यास करताना ही युक्ती शोधून काढली. त्याबद्दल त्यांना १९९२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या शरीरात अशी पाचशेहून अधिक कायनेज विकरे आहेत. म्हणजे पाचशेहून अधिक बटणे. ही बटणे वेळेवर चालू आणि वेळेवर बंद होतात तोवर आपण निरोगी असतो.

प्रश्न उभा राहतो तो एखादे बटण ‘चालू’ स्थितीतच अडकून बसले म्हणजे. मग पेशीला ‘वाढ, वाढ’ असा एकच हुकूम अहोरात्र मिळत राहतो. सीएमएलमध्ये नेमके हेच होते.

आखूड गुणसूत्राचा शोध

१९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड या दोघांना सीएमएलच्या रुग्णांच्या रक्तपेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसले. त्या शहरावरून त्याला ‘फिलाडेल्फिया गुणसूत्र’ असे नाव पडले. पण त्याचा तुटलेला तुकडा गेला कोठे, हे कोडे बारा-तेरा वर्षे सुटले नाही.

ते सोडवले शिकागोच्या डॉ. जॅनेट रॉली यांनी. गुणसूत्रांच्या छायाचित्रांतील एकेक गुणसूत्र कात्रीने कापून, घरच्या जेवणाच्या टेबलावर मांडून त्या जोड्या लावत बसत. कागदाच्या बाहुल्यांशी खेळतेस, म्हणून त्यांची मुले त्यांची थट्टा करीत. १९७३ साली त्यांनी दाखवून दिले, की क्रमांक ९ आणि क्रमांक २२ या दोन गुणसूत्रांचे तुकडे तुटतात आणि एकमेकांच्या जागी जाऊन चिकटतात.

या अदलाबदलीत दोन निरनिराळ्या जनुकांचे तुकडे शेजारी-शेजारी येऊन जोडले जातात आणि ‘बीसीआर-एबीएल’ नावाचे एक नवेच जनुक तयार होते. त्यापासून बनणारे प्रथिन म्हणजे एक कायनेज, आणि तेही कायमचे चालू राहिलेले. त्यामुळे अस्थिमज्जेत पांढऱ्या पेशींचे अमाप पीक येते. निरोगी माणसाच्या एक घनमिलिमीटर रक्तात चार हजार ते अकरा हजार पांढऱ्या पेशी असतात. सीएमएलच्या रुग्णात हा आकडा लाखाच्या वर गेलेला पुष्कळदा आढळतो. प्लीहा सुजते, डाव्या बरगडीखाली जड वाटते, चार घास खाल्ले तरी पोट भरल्यासारखे होते, थकवा येतो, वजन उतरते, रात्री घाम येतो. काहींना तर काहीच त्रास नसतो. दुसऱ्याच कारणासाठी रक्त तपासायला दिले आणि रोग सापडला, असेही घडते. पाश्चात्त्य देशांत हा रोग बहुतेक करून साठीच्या आसपास दिसतो. आपल्याकडे मात्र तो ऐन कर्त्या वयात, चाळिशीच्या आसपासच्या माणसांत अधिक आढळतो.

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे. गुणसूत्राचा हा दोष माणसाला जन्मानंतर केव्हातरी एका पेशीत घडलेला असतो. तो आईवडिलांकडून आलेला नसतो आणि मुलांकडे जात नाही. हा रोग स्पर्शाने, ताटातले खाल्ल्याने किंवा एका घरात राहिल्याने पसरत नाही. रुग्णाचे ताटवाटी वेगळे करण्याचे किंवा त्याच्या मुलीचे लग्न अडवून धरण्याचे काहीही कारण नाही.

बटणात बसणारी पाचर

दोष एका बटणात आहे हे कळल्यावर ते बटण बंद करणारे औषध शोधणे ओघानेच आले. पण काम सोपे नव्हते. कायनेज विकराच्या पोटात एक खाच असते. त्या खाचेत ‘एटीपी’ नावाचा ऊर्जा पुरवणारा रेणू येऊन बसतो आणि त्याच्याकडूनच फॉस्फेटचा तुकडा मिळतो. या खाचेत दुसराच एखादा रेणू पाचरीसारखा ठोकून बसवला तर एटीपीला जागा उरणार नाही आणि बटण बंद पडेल. अडचण अशी, की पाचशेहून अधिक कायनेज विकरांच्या खाचा एकमेकींसारख्याच दिसतात. जपानमध्ये १९७७ साली मातीतल्या जिवाणूंपासून स्टॉरोस्पोरिन नावाचे द्रव्य मिळाले होते. ते कायनेजना अडवते खरे, पण एकाला नव्हे, सरसकट सगळ्यांना. घरातला एक दिवा बंद करण्यासाठी गावाची वीज तोडण्यासारखे ते होते. म्हणून एका विकराला अडवील आणि बाकीच्यांना हात लावणार नाही असे औषध बनणे शक्यच नाही, असे पुष्कळ शास्त्रज्ञांचे मत होते.

स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सिबा-गायगी या कंपनीत अ‍ॅलेक्स मॅटर, निकोलस लायडन, युर्ग झिमरमान आणि त्यांचे सहकारी हे काम चिकाटीने करत राहिले. हाती असलेल्या एका रेणूला एकेक फांदी जोडून, एखादी काढून, त्यांनी अनेक रेणू बनवले आणि तपासले. त्यांतून जो रेणू निघाला तो एबीएल कायनेजच्या खाचेत नेमका बसत होता. अमेरिकेतील ओरेगॉनचे डॉ. ब्रायन ड्रकर यांनी तो सीएमएलच्या पेशींवर वापरून पाहिला. रोगट पेशी मेल्या, निरोगी पेशी वाचल्या. हे निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी सिबा-गायगी आणि सँडोझ या कंपन्या एकत्र येऊन नोव्हार्टिस ही कंपनी झाली.

तरीही गाडी लगेच पुढे गेली नाही. सीएमएल हा तसा विरळा रोग. एवढ्या थोड्या रुग्णांसाठी औषध काढणे परवडेल का, याविषयी कंपनीत शंका होती. अखेर जून १९९८ मध्ये माणसांवरील पहिली चाचणी सुरू झाली. इतर औषधांचा उपयोग न झालेल्या रुग्णांना ही गोळी देण्यात आली. दिवसाला ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रा घेणाऱ्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांच्या रक्तातील पेशींचे प्रमाण पूर्ववत झाले. औषधाच्या पहिल्याच चाचणीत असे यश वैद्यकाने क्वचितच पाहिले होते. बातमी पसरली तशी रुग्णांनी उचल खाल्ली. औषध लवकर आणि भरपूर बनवा, अशी मागणी करणारे तीन हजारांहून अधिक सह्यांचे निवेदन १९९९ साली कंपनीकडे गेले. १० मे २००१ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इमॅटिनिबला परवानगी दिली.

पूर्वी या रोगाचे रुग्ण साधारणपणे तीन ते पाच वर्षांत दगावत. अस्थिमज्जा रोपणाने काही जण बरे होत, पण जुळणारा दाता, पैसा आणि शस्त्रक्रियेइतकाच मोठा धोका हे सगळ्यांना झेपणारे नव्हते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीच्या अहवालानुसार, इमॅटिनिब सुरू केलेल्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे ८३ जण दहा वर्षांनंतरही हयात होते.

मुंबईची संस्था, दिल्लीचा निकाल

औषध आले, पण त्याची किंमत? नोव्हार्टिसच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च भारतात सुमारे एक लाख वीस हजार रुपये होता. भारतीय कंपन्यांनी बनवलेल्या त्याच औषधाचा खर्च त्या वेळी महिना आठ ते दहा हजार रुपये पडत असे. कंपनी कार्यक्रम आखून अनेक भारतीय रुग्णांना औषध मोफत देत होती, हेही खरे. परंतु दान आणि हक्क यांत फरक असतो. आयुष्यभर घ्यायचे औषध दुसऱ्याच्या मर्जीवर राहू नये, असे रुग्णांसाठी झटणाऱ्यांना वाटत होते.

कंपनीने इमॅटिनिबच्या एका विशिष्ट स्फटिकरूपासाठी भारतात पेटंट मागितले. त्याला विरोध करणाऱ्यांत भारतीय औषध कंपन्यांबरोबर मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था होती. २००६ च्या जानेवारीत चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. प्रकरण वरच्या न्यायालयांत गेले. शेवटी १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या खंडपीठापुढे हा खटला चालला होता. ठाऊक असलेल्या औषधाचे केवळ रूप बदलले, पण त्यामुळे रोग बरा करण्याची ताकद वाढल्याचे दाखवता आले नाही, तर आपल्या कायद्यानुसार पेटंट मिळणार नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ. त्यामुळे भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांची वाट मोकळी राहिली. पुढे स्पर्धेने किमती आणखी उतरल्या. आज आपल्या जिल्ह्यातला रुग्ण ही गोळी घेऊ शकतो, याच्या मागे हा झगडा आहे.

बरे वाटले, तरी गोळी का?

आता मूळ मुद्द्याकडे वळू. इमॅटिनिब ही पाचर आहे. ती बटणात बसलेली असते तोवर बटण बंद. गोळी पोटात जाते, रक्तात मिसळते आणि तिचा अंमल काही तासांनी हळूहळू ओसरतो. दुसऱ्या दिवशी नवी पाचर बसवली नाही, तर बटण पुन्हा चालू. गोळीने बिघाड दुरुस्त होत नाही, दोष असलेले जनुक जागच्या जागी राहते. रक्ताचा साधा रिपोर्ट चांगला आला म्हणजे रोगट पेशींची संख्या घटली एवढाच त्याचा अर्थ. अस्थिमज्जेत दडून बसलेल्या काही पेशी संधीची वाट पाहत असतात.

एवढेच नव्हे, गोळी कधी घेतली, कधी नाही, असे झाले की आणखी एक धोका संभवतो. औषधाचे प्रमाण रक्तात कमी असताना वाढणाऱ्या पेशींपैकी एखादीच्या जनुकात आणखी बदल होऊन खाचेचा आकारच बदलतो. मग जुनी पाचर बसत नाही. क्षयाच्या गोळ्या अर्धवट सोडणाऱ्याचा क्षय पुढे औषधांना दाद देईनासा होतो, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. हा प्रकार त्याच्याच जातीचा. गोळ्या नियमित घेणाऱ्यांतही काहींच्या बाबतीत असे घडते. त्यासाठी डासॅटिनिब, निलोटिनिब, पोनॅटिनिब अशी पुढची औषधे निघाली आहेत. पण ती महाग पडतात आणि त्यांचे त्रासही वेगळे आहेत. हाताशी असलेले पहिले शस्त्र बोथट होऊ न देणे हेच शहाणपणाचे.

लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात ८७ रुग्णांचा अभ्यास करण्यात आला आणि २०१० साली तो प्रसिद्ध झाला. गोळीच्या डबीच्या झाकणात डबी केव्हा उघडली याची नोंद ठेवणारे यंत्र बसवलेले होते. सांगितलेल्या गोळ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक गोळ्या घेणाऱ्यांत रोग खोलवर आटोक्यात येण्याची सहा वर्षांतील शक्यता सुमारे ९४ टक्के निघाली. ९० टक्के किंवा त्याहून कमी गोळ्या घेणाऱ्यांत ती अवघी २८ टक्के होती. हिशेब करून पाहा. तीस दिवसांत तीन गोळ्या चुकल्या की ९० टक्के झाले. महिन्याला तीन गोळ्या! गावच्या जत्रेला गेलो, डबी घरीच राहिली. एक दिवस उपवास होता म्हणून घेतली नाही. दुकानात संपल्या होत्या, सोमवारी आणू म्हटले. एवढ्यातच तीन होतात.

काही रुग्णांना पुढे गोळी थांबवता येते, हे खरे आहे. पण त्यासाठी कित्येक वर्षे नियमित औषध झालेले असावे लागते आणि अतिशय सूक्ष्म तपासणीतही रोगाचा माग लागत नाही, अशी अवस्था दीर्घकाळ टिकलेली असावी लागते. थांबवल्यावरही वारंवार तपासणी करावी लागते. अशा निवडक रुग्णांपैकीही जवळपास निम्म्यांत रोग पुन्हा डोके वर काढतो आणि गोळी परत सुरू करावी लागते. तेव्हा हा निर्णय तज्ज्ञाने घ्यायचा, शेजाऱ्याने नव्हे आणि आपण स्वतः तर मुळीच नव्हे.

इमॅटिनिब घेणाऱ्यांसाठी

गोळी रोज ठरावीक वेळी, भरल्या पोटी आणि मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी. एखाद्या दिवशी विसरली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

डोळ्यांभोवती सूज, पायात गोळे येणे, मळमळ, जुलाब, अंगावर पुरळ असे त्रास होऊ शकतात. बहुतेकांवर उपाय आहेत. त्रास झाला म्हणून गोळी सोडू नका, डॉक्टरांना सांगा. ताप, कावीळ, दम लागणे किंवा वजन एकाएकी वाढून अंग सुजणे असे झाले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

क्षयाचे औषध रिफाम्पिसिन आणि फिट्सवरची काही औषधे इमॅटिनिबचे रक्तातील प्रमाण घटवतात. ग्रेपफ्रूट नावाचे परदेशी फळ ते वाढवते. म्हणून कोणत्याही नव्या डॉक्टरांकडे गेलात तरी आपली गोळी दाखवा. वैदू किंवा भोंदू देत असलेल्या पुड्या सोबतीला घेऊ नका.

हा रोग आपल्याकडे तरुणपणीच होत असल्याने मूल हवे असलेल्या स्त्रियांचा प्रश्न वारंवार येतो. गोळीमुळे गर्भाला अपाय होऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टरांशी बोला, मग ठरवा. दिवस गेल्याचे कळताच घाबरून परस्पर गोळी सोडणे किंवा कोणाला न सांगता चालू ठेवणे, दोन्ही चूक.

बीसीआर-एबीएलची खास रक्ततपासणी सुरुवातीला साधारणपणे दर तीन महिन्यांनी करतात. साधा हिमोग्राम तिची जागा घेऊ शकत नाही.

सांध्यांवरही तीच युक्ती

कर्करोगाच्या पेशीतले बटण बंद करता येते, तर सूज निर्माण करणारे बटण का नाही, असा विचार पुढे आला. आमवात, म्हणजे डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, त्यात शरीराची संरक्षक फौज आपल्याच सांध्यांवर चाल करून जाते. सकाळी उठल्यावर बोटे आखडलेली, मूठ वळत नाही, दोन्ही हातांचे सांधे सुजलेले, आणि पुढे बोटे वाकडी होतात. या लढाईत पेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडतात. निरोप पेशीच्या दारावर येतो. तो आत नेणारे चोपदार म्हणजे जेनस कायनेज, थोडक्यात ‘जॅक’.

जॅकविषयीचा एक मोठा धागा आजारी मुलांकडून मिळाला. काही बालकांत जन्मतःच प्रतिकारशक्ती नसते. त्यांपैकी काहींत जॅक-३ हे विकर सदोष असते, असे १९९५ साली दिसून आले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील डॉ. जॉन ओ’शे यांच्यासारख्यांनी यावरून तर्क केला, की हेच विकर औषधाने थोडेफार दाबले तर अतिरेक करणारी प्रतिकारशक्ती आवरता येईल. या मार्गाने फायझर कंपनीचे टोफासिटिनिब तयार झाले आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये त्याला आमवातासाठी अमेरिकेत परवानगी मिळाली. मागोमाग बॅरिसिटिनिब आणि उपाडासिटिनिब आली. बॅरिसिटिनिब कोविडच्या साथीत गंभीर रुग्णांची सूज आवरण्यासाठीही वापरले गेले.

सगळे प्रयत्न असे फळाला आले नाहीत. पी-३८ नावाच्या कायनेजला अडवणारी औषधे बनवण्यात अनेक कंपन्यांनी वर्षे आणि पैसा घातला. सुरुवातीला सूज कमी होई, पण काही आठवड्यांत शरीर दुसरी वाट काढी. आमवातासाठी त्यांतले एकही बाजारात आले नाही.

टोफासिटिनिबच्या आधी आमवातावर जी प्रभावी नवी औषधे होती, ती मोठ्या रेणूंची, इंजेक्शनातून द्यायची आणि महाग. लहान रेणूंची औषधे पेशीच्या आत शिरू शकतात आणि तोंडाने घेता येतात. त्यामुळे ती सोयीची झाली. आपल्याकडे आता अनेक कंपन्या टोफासिटिनिब बनवतात. पण सोयीमुळेच धोका वाढला आहे. एकाला गुण आला की दुसरा त्याचीच चिठ्ठी दाखवून गोळ्या आणतो. हे घातक आहे.

कारण ही गोळी संरक्षक फौजेलाच आवरते. आपल्याकडे कित्येक माणसांच्या अंगात क्षयाचे जंतू झोपलेले असतात, ते जागे होऊ शकतात. नागीण होण्याचा संभव वाढतो. म्हणून सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे, क्षयाची चाचणी, ब आणि क प्रकारच्या काविळीची चाचणी, रक्त, यकृत आणि कोलेस्टेरॉलची तपासणी आवश्यक आहे. २०२१ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गटातील औषधांवर ठळक इशारा छापण्यास सांगितले. पन्नाशी उलटलेल्या आणि हृदयविकाराचा एखादा तरी धोका असलेल्या रुग्णांच्या चाचणीत जुन्या इंजेक्शनांच्या तुलनेत हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या आणि काही कर्करोग अधिक आढळले होते. तंबाखू, बिडी ओढणाऱ्यांनी तर हे लक्षात ठेवलेच पाहिजे. मेथोट्रेक्सेटसारख्या जुन्या औषधांनी भागत असेल, तर पहिली पसंती त्यांनाच असते. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतले तर जिवावर बेतू शकते.

सगळ्या कर्करोगांना चालेल का?

हा प्रश्न हमखास विचारला जातो. उत्तर, नाही. ज्या कर्करोगात जे बटण अडकले असेल, त्याच बटणाची पाचर तेथे चालते. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या काही रुग्णांत ‘ईजीएफआर’ नावाचे कायनेज बिघडलेले असते. सिगारेट-बिडी कधीही न ओढलेल्यांत आणि स्त्रियांत हे प्रमाण अधिक दिसते. त्यांना जेफिटिनिबसारख्या गोळीचा फायदा होतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांनी अशा ३५० रुग्णांवर केलेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. केवळ गोळी घेणाऱ्यांत रोग सरासरी ८ महिने आवरला गेला, तर गोळीबरोबर केमोथेरपीही घेणाऱ्यांत १६ महिने. म्हणजे येथे गोळीचे यश सीएमएलइतके मोठे नाही, कारण फुप्फुसाच्या कर्करोगात एकाहून अधिक बिघाड असतात. पण बिघाड कोणता हे तपासल्याखेरीज औषध ठरवता येत नाही, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच. म्हणून तुकड्याची तपासणी डॉक्टरांनी सांगितली तर ‘पुन्हा कशाला खर्च’ असे म्हणू नये.

खर्चाचे ओझे वाटत असेल तर ते लपवू नका. मोठ्या कर्करोग रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक असतात. सरकारी आरोग्य योजना, धर्मादाय निधी, स्वस्त पर्यायी गोळ्या यांची माहिती ते देतात. पैशांअभावी गोळी अर्धी करून किंवा एक दिवसाआड घेणारे रुग्ण संकोचाने डॉक्टरांना ते सांगत नाहीत आणि डॉक्टर समजतात, औषध लागू पडत नाही. सांगितले तर मार्ग निघतो.

घरच्यांचाही यात वाटा आहे. भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोजच्या तारखेला गोळी घेतल्यावर एक खूण करावी. पुढच्या महिन्याच्या गोळ्या डबीत आठ दिवसांच्या शिल्लक असतानाच आणाव्यात. गावाला निघताना कपड्यांच्या आधी डबी पिशवीत टाकावी. आणि महिनाअखेर खुणा मोजाव्यात. तीस दिवसांच्या तीस भरल्या, तर समजावे की बटण बंद आहे.